बघायला येणाऱ्यांचा बाक

शालन गेली हे मला शाळेच्या मधल्या सुट्टीत कळलं. रोह्याहून तिच्या भावाचा फोन आला, तेव्हा डबा नुकताच उघडला होता... तो पुढे कोणी बंद केला, आठवत नाही. महिना उलटून गेला, तरी कोणी ‘मंगे’ म्हणालं की मी वळून बघते. मंगलची मंगे तिनेच केली होती.

रोह्यात डी.एड. करताना आम्ही एका खोलीत राहायचो. पुढे मी पेणच्या खासगी इंग्रजी शाळेत लागले आणि ती पेणजवळच्या खाडीकाठी, मिठागरात राबणाऱ्यांच्या वस्तीवर, जिल्हा परिषदेच्या शाळेत. आमच्याकडे काही जागा गरीब घरच्या मुलांसाठी राखीव. सोडतीत नंबर लागला की फी सरकार भरणार. अर्ज सुरू झाले की ही बाई स्वतः घरोघर जाऊन ते सांगायची! तिच्या शाळेत मुलं आधीच बोटांवर मोजण्याइतकी. आणखी घटली तर शाळाच बंद. “स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेतेस?” एकदा माझ्याकडे जेवायला बसली असताना मी चिडून विचारलं. “त्यांना ठाऊकच नसंल, तर ती निवड कसली गो?” एवढंच बोलली आणि माझ्या ताटातला तळलेला बोंबील उचलला.

नंबर लागला म्हणजे तिच्या लेखी निम्मंच काम झालं. “मुलगी देताना आपण घर बघतो ना? तशी शाळा बघायची.” मग ती आईलोकांना घेऊन आमच्याकडे यायची आणि त्या माझ्या वर्गात मागच्या बाकावर दिवसभर अवघडून बसायच्या. आमच्या मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठ्या. “सर, बघण्यासारखं नाय का काय?” शालन शांतपणे विचारायची. दुसऱ्या दिवशी त्याच बायका तिच्या वर्गात, मागे खास त्यांच्यासाठी ठेवलेल्या बाकावर. कोणी पोरांना आमच्याकडे घालायच्या, कोणी तिच्याकडेच ठेवायच्या. आमच्याकडे येणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी सोडायला शालनच यायची, तेही हसत. एवढं मोठं मन माणसं आणतात कुठून? मी तिच्याकडे बघतच राहायचे. मला हे सात जन्मांत जमलं नसतं.

गेल्या आठवड्यात मिठागरात काम करणारी दर्शना लेकीला, स्वराला, घेऊन आमच्या शाळेच्या फाटकाशी आली. स्वराचा नंबर आमच्याकडे लागला होता. “बाई बोलल्या व्हत्या, दोन्ही शाळा बघू, मंग ठरव. आता माझ्यासंगती कोन येनार?”

दोघी एक दिवस माझ्या वर्गात बसल्या. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्यांच्यासोबत शालनच्या शाळेत गेले. तिच्या जागी एक तरुण गुरुजी तात्पुरते आले आहेत. दारातच हळू आवाजात म्हणाले, “यंदा नवं नाव आलं नाही, तर शाळा टिकत नाही, मॅडम.” आम्ही मागच्या बाकावर टेकतोय तोच पुढची एक चिमुरडी कोणी न सांगता उठली. कमरेवर हात, हुबेहूब शालन. स्वराला म्हणाली, “बस. आमची शाळा बघ. आवडली तर ये. नाय आवडली तर तिकडं चांगली शिक.”

गुरुजी माझ्याकडे बघून पुटपुटले, “हे मी शिकवलेलं नाही.”

माझ्या डोळ्यांना धार लागली. ‘इथेच घाल गं पोरीला’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते... पण त्या बाकावर बसून ते बोलायची सोय शालनने ठेवलेली नाही. दर्शना फळ्याकडे बघत होती. मी पदराने डोळे पुसले, थोडी सरकले, आणि स्वराला नीट दिसावं म्हणून मांडीवर घेतलं.