थोरली खिडकीशी येत नाही

आमच्या ताईच्या डोक्यात तिघी राहतात. हे मी कुणाला पटवायला जात नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचा मला कंटाळा आहे. काका म्हणतात नाटकं, आत्या म्हणते नशीब, डॉक्टर एक लांबलचक नाव सांगून गोळ्या लिहून देतात. मला ताईचंच म्हणणं पटतं. ती म्हणते, "खिडकी एकच आहे गं. जी खिडकीशी उभी राहते तिला बाहेरचं दिसतं. बाकीच्या दोघींना नुसता आवाज येतो."

थोरली, मधली आणि धाकटी. समोर कोण आहे ते विचारायचं नाही, चहाचा कप कसा धरलाय ते बघायचं, असा आमच्याकडे नियम. डाव्या हातात असला तर थोरली. उजव्या हातात असून तोंडाची टकळी चालू असली तर मधली. दोन्ही हातांनी धरून फुंकर मारत असली तर धाकटी. ती लहान मूल आहे, पुढे वाढलीच नाही. मी ताईपेक्षा कितीतरी लहान, तरी धाकटी मलाच 'ताई' म्हणते. थोरली 'बाय' म्हणायची. मधली 'बाईसाहेब' म्हणते आणि माझ्या चहाला नावं ठेवते.

मला वाढवलं ते थोरलीनं. मी रांगत असतानाच आई गेली. बाबांच्या चपला जिन्यात वाजल्या की ताईची मान ताठ व्हायची. थोरली मला कॉटखाली सरकवायची आणि स्वतः दारात जाऊन उभी राहायची. मार ती खायची. दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशी माझ्या वेण्या घालायची, इतक्या घट्ट की डोळे ताणले जायचे.

पुढे ताई एका मास्तरांच्या कपडे शिवायच्या दुकानात लागली. कापणार थोरली, शिवणार मधली. "एका पगारात मास्तरांना दोघी मिळाल्या, वर तिसरी बटणांशी खेळायला," असं मधली हसत सांगायची. थोरलीची डावखुरी कात्री भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असायची. तिला दुसरं कुणी हात लावत नसे.

मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. मी मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. धाकटीला मात्र ते अजून कळलेलं नाही. जिन्यात कुणाच्याही चपला वाजल्या की ती कॉटखाली शिरते. आणि थोरली त्या दिवसापासून खिडकीशी आलीच नाही. ज्याच्यासमोर उभं राहायला ती आली होती, तोच उरला नव्हता.

"आम्ही दोघी हाका मारून दमलो, बाईसाहेब," मधली म्हणाली. "ती असायची तिथं आता कुणीच नाही." त्यात थट्टा नव्हती, म्हणून मला भीती वाटली.

मधलीला कापता येत नाही. मास्तर भला माणूस, त्यांनी ताईला काजं-बटणांवर बसवलं. मी रोज संध्याकाळी तिच्या पुढ्यात कप ठेवायचे आणि तिच्या हातांकडे बघत बसायचे. मग रडायचे. "थोरले, एकदा ये गं. निदान निरोप घे," असं तिच्या तोंडावर म्हणायचे.

परवा दुपारी मास्तरांचा फोन आला. "अहो, लवकर या. ताईंनी कात्री काढलीय. डाव्या हातानं कापतायत."

मी होते तशी धावत सुटले. ती टेबलाशी उभी होती. मान ताठ, डाव्या हातात कात्री. माझ्याकडे बघून म्हणाली, "आलीस बाय? केस बघ कसे झालेत." मी तिच्या गळ्यात पडले आणि दुकानभर गिऱ्हाइकं असताना हमसून हमसून रडले. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

मग टेबलावर नजर गेली. कोटाचं कापड खडूच्या रेघेवर अगदी बरोबर कापलं होतं, मुलं चित्राचा कागद कापतात तसं. शिलाईसाठी कापड सोडलंच नव्हतं. रेघेबाहेर दोन बोटं सोडल्याशिवाय थोरली कधी कात्री चालवायची नाही. मास्तरांनीही ते पाहिलं. त्यांनी कात्री तिच्या हातातून सोडवून घेतली. तिच्या अंगठ्यावर फोड आला होता.

"ताई," ती हळूच मला म्हणाली, "तू रोज रडतेस ना, म्हणून मी तिच्यासारखं करायला शिकले. बरोबर झालं?"

मला तिचा राग आला. खोटं कशाला बोलू, आला. मग तिचा अंगठा पुन्हा दिसला आणि मी म्हटलं, "छान झालं."

"पण मला तिच्यासारखं दारात उभं राहता येत नाही गं," ती म्हणाली. "बाबा रोज येतात. आता कोण उभं राहणार?"

"मी राहीन," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं, लहान मुलं थाप ओळखतात तसं. ते दार तिच्या आत आहे, तिथे मला जाता येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. मी फुंकर घालून तिच्या अंगठ्याला चिंधी बांधली आणि तिला घरी घेऊन आले. जिन्यात माझ्याच चपला वाजल्या, तर ती दचकली.