पुढचा पंख

पुन्ता आल्ता या बंदराच्या गावच्या बेनिग्नो फारियासने आरमारात सव्वीस वर्षं एकच काम केलं. विमानवाहू जहाजाच्या डेकवर विमानासमोर उभं राहायचं आणि हातांच्या खुणांनी त्याचे पंख मिटवून घ्यायचे. ट्रॅकर विमानाचे पंख लांब. मिटले की ते पाठीवर आडवे पडत, एक जरा पुढे, एक मागे, म्हणजे एकमेकांवर आपटत नसत. निवृत्तीनंतर त्याने कुलपं दुरुस्त केली आणि सत्तरीत छोटी विमानं बनवायला घेतली. बोलणं मुळात कमीच, त्यामुळे हा छंद त्याला मानवला.

त्याचा जुना सोबती लिसान्द्रो त्याच जहाजावर पंखांच्या बिजागऱ्या बघणारा मेकॅनिक होता. दोन वर्षांपूर्वी त्याची दृष्टी गेली. आता मुलगी त्याला कायमचं नेउकेनला नेणार होती.

"तिकडे समुद्र नाही," लिसान्द्रो म्हणाला. "मला काय फरक पडतो म्हणा." मग म्हणाला, "जायच्या आधी एकदा ट्रॅकर हाताला लागलं असतं तर."

बेनिग्नोकडे छोटं ट्रॅकर जोडायचा एक संच पडून होता, सुटे भाग रेझिनचे, म्हणजे कडक प्लास्टिकसारखे. त्यातला एक पंख वाकडा निघाला, तो गरम पाण्यात धरून सरळ केला. धूळ छातीत जाऊ नये म्हणून सगळं पाण्याखाली घासलं. संचातले पंख पसरलेले होते. ते त्याने करवतीने कापले आणि मिटवून पाठीवर चिकटवले. संचातली आकृती बघितली नाही. सव्वीस वर्षं पाहिलेलं विमान, आकृती कशाला बघायची?

गुरुवारी तो ते घेऊन गेला. लिसान्द्रोने 'माते' या कडवट चहाचा पेला बाजूला ठेवला, हात विजारीला पुसले. बोटं नाकावरून, इंजिनांवरून पाठीवर आली आणि थांबली.

"बेनिग्नो, हे कोणत्या आरमाराचं?"

"आपलंच."

"मग पुढचा पंख मागे कसा गेला?"

"शक्य नाही." बेनिग्नोने डोळे मिटून दोन्ही हात उचलले. "पुढचा पंख माझ्या या हाताला."

"तुझ्या. तू विमानाकडे तोंड करून उभा असायचास, गाढवा. तुझा डावा तो विमानाचा उजवा."

बेनिग्नोने हात खाली घेतले. घरी पंख चिकटवताना टेबलावर विमानाचं नाक नव्हे, शेपटी त्याच्याकडे होती.

"राहू दे," लिसान्द्रो म्हणाला. "नेउकेनमध्ये कोणाला कळतंय?" पण विमान त्याने टेबलावर ठेवलं ते पुन्हा उचललं नाही.

बस रविवारी होती. पंख ओढून काढले तर रेझिन काचेसारखं तुटणार. गार झाला की हा गोंद ठिसूळ होतो, एवढाच एक मार्ग उरला होता. बेनिग्नोने परत आणलेलं विमान शनिवारी रात्री फ्रीझरमध्ये ठेवलं.

"म्हाताऱ्या," बायको देल्मिरा म्हणाली, "रविवारी भाजायच्या मांसाशेजारी विमान?"

"गार होतंय."

"दिसतंय ते. उड्डाण कधी आहे?"

"सकाळी."

सकाळी एक पंख अलगद सुटला. दुसऱ्याचा मुळाशी मसुराएवढा टवका उडाला. त्याने दोन्ही पंख पुढचा-मागचा बदलून बसवले, या वेळी आकृती समोर ठेवून. टवका भरला, तरी थोडा खळगा राहिलाच. रंगाला वेळ नव्हता. बिनरंगाचं विमान कोणाला द्यायची त्याची ही पहिलीच वेळ.

बसस्थानकावर लिसान्द्रो बाकावर बसला होता. मुलगी सामान मोजत होती. त्याने विमान मांडीवर घेतलं. दोन पंखांच्या मधल्या फटीतून करंगळी फिरवली, पुन्हा उलटी फिरवली.

"आता बसलं," तो म्हणाला. मग बोट पंखाच्या मुळाशी थांबलं. "इथे खड्डा आहे."

"माझ्या हातून तुटलं."

"मेकॅनिकला बोलवायचं होतंस."

"बाबा, द्या ते, स्वेटरांमध्ये ठेवते," मुलगी म्हणाली.

"स्वेटर तू सांभाळ."

बसचं दार उघडलं. लिसान्द्रो विमान छातीशी धरून पायाने पायरी चाचपत वर चढला. बेनिग्नोने आधाराला हात पुढे केला होता, पण तो धरायला लिसान्द्रोचा एकही हात मोकळा नव्हता.