लेखकाने बोलायचं नाही

मंदीत नवऱ्याची नोकरी गेली, ते फक्त मला ठाऊक होतं. सासूबाईंना कळू नये म्हणून तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून हडपसरच्या आमच्या घरातून निघायचा आणि दिवसभर स्वारगेटच्या स्टँडवर बसून राहायचा. बॅगेत डबा आणि पेपर. लॅपटॉप कंपनीने केव्हाच काढून घेतला होता.

येरवड्यातल्या कथालेखनाच्या निवासी शिबिराला मी त्याआधीच नाव दिलं होतं. "तू जा. घरात एकाचं तरी काम चालू राहू दे," तो म्हणाला. मी गेले. तिथे दुसरं काही सुचेना, म्हणून त्याचीच गोष्ट लिहिली. नाव बदललं, बाकी सगळं तेच.

शिबिराचा एक नियम होता. कथा वाचून झाली की चर्चा संपेपर्यंत लेखकाने अवाक्षर काढायचं नाही. मी वाचली आणि गप्प बसले.

"माणूस खरा वाटतो, पण कथा जागची हलत नाही," एक निवृत्त बँक अधिकारी म्हणाले.

"तो टोटली स्टक आहे ना," शेजारची कॉलेजातली मुलगी म्हणाली. "ऑनेस्टली, शेवटी त्याने जीव द्यायला हवा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कुठे आणि कसा, यावर चहा येईपर्यंत काथ्याकूट झाला. मार्गदर्शक सरांनी चष्मा पुसत निकाल दिला, "बाई त्याला वाचवत बसल्यात. लेखकाने इतकं मायाळू असून भागत नाही." लोक हसले. साहित्याची सेवा चालली होती ना!

मला भयंकर संताप आला. त्याहून वाईट म्हणजे, त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. कथा तिकडेच चालली होती, आणि ती मीच लिहिली होती.

नियम गेला खड्ड्यात, असं म्हणून मी उठले. ऑफिसात जमा केलेला मोबाइल मागून घेतला आणि व्हरांड्यातून नवऱ्याला फोन लावला. रिंग वाजत राहिली.

शेवटी त्याने उचलला. मागे सोलापूरच्या गाडीची घोषणा चालू होती. माझ्या जिवात जीव आला.

"मीटिंगमध्ये आहे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "नंतर करतो."

"अरे, मी बोलतेय."

"हो, कळलं. मीटिंग चालू आहे," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तोवर निदान माझ्याशी तरी तो खरं बोलत असे.