बंद पडणारे इंजिन

दसरा जवळ आला की ती घटना आठवते आणि सणाचा सगळा उत्साह मावळतो.

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत धरणाचा मोठा जलाशय, काठावर मासेमारी करणाऱ्या ढीवरांची वस्ती. दसरा होऊन आठवडाही झाला नव्हता. एका ढीवराची बोट पाण्याच्या मधोमध रिकामी तरंगताना दिसली. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत वर आले. पट्टीचा पोहणारा माणूस, पण डोक्याला मार होता. आकस्मिक मृत्यूची नोंद केली आणि बोटीचे इंजिन जप्त केले.

संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "साहेब, धाकट्या भावाले विचारा. आदल्या दिवशी इंजिन त्याच्याच हातात होतं."

मृताच्या बायकोनेही जबाबात तेच सांगितले. जाळी कुठे टाकायची यावरून भावाभावांत अबोला होता. "त्यानंच इंजिनात काहीतरी करून ठेवलं," ती म्हणाली. वस्तीने तर निकाल लावूनच टाकला होता. धाकट्याला कोणी काठावर उभे करीना, त्याची बायको पोरांना घेऊन आमगावला माहेरी निघून गेली.

मी त्याला समोर बसवले. खोटे बोलणारा माणूस हकीगत लांबवतो, हा माझा अनुभव. हा गडी मात्र विचारले तेवढेच बोलत होता.

"भावाशी बोलत नव्हतास, मग इंजिनाला हात कशाला लावलास?"

"वहिनीनं बलावलं जी. चालू होऊन बंद पडून राहिलं होतं. म्या पिलग साफ केला, झाकण खोलून पेट्रोल पाह्यलं. चालू झालं, तं देऊन टाकलं."

"मग पुन्हा बंद का पडलं?"

"मले समजलं असतं तं भाऊ मेला असता का?"

ठाण्याच्या मागे पाण्याने भरलेल्या ड्रमला इंजिन अडकवले. पंच बोलावले, शहरातला मेकॅनिक बोलावला. दोरी ओढताच इंजिन सुरू झाले, थोडा वेळ छान चालले आणि घरघरत बंद पडले. मेकॅनिकने झाकण उघडून पेट्रोल पाहिले. ठीक होते. प्लग बदलला, पुन्हा तेच. कार्बोरेटर साफ केला, पुन्हा तेच. पेट्रोल गाळून भरले, तरीही रडगाणे चालूच.

मी खुर्चीत बसून इंजिनाकडे नाही, मेकॅनिककडे पाहत होतो. इंजिन बंद पडले की तो आधी टाकीचे झाकण उघडायचा आणि नंतर ते सुरू व्हायचे. मी म्हणालो, "या वेळी झाकणाला हात लावू नका." मग कितीही दोरी ओढली तरी इंजिन दाद देईना. झाकण सैल करताच सूं करून हवा आत गेली आणि पहिल्याच झटक्यात ते धडधडू लागले.

पेट्रोल कमी होते तशी टाकीत हवा जावी लागते. त्यासाठी झाकणावर बारीक छिद्र असते. ते बुजले होते. पाण्याच्या मधोमध बिचारा उभा राहून दोरी ओढत राहिला असणार, तोल जाऊन बोटीच्या काठावर डोके आपटले असणार. शवविच्छेदनाशी ते जुळत होते.

मला केवढा आनंद झाला. हवालदाराने झाकण उन्हात धरले आणि त्याचा चेहरा उतरला. छिद्रात तेलात कालवलेला शेंदूर होता, वाळून दगड झालेला. दसऱ्याला ढीवर जाळ्यांची, वल्ह्यांची पूजा करतात, तशी इंजिनाचीही करतात.

"साहेब," तो म्हणाला, "पूजा तर घरची बाईच करते."

धाकट्याला हे सांगितले. तो म्हणाला, "वहिनीले नोका सांगू. म्याच केलं असं राहू द्या."

"वेडा आहेस का? गाव तुला जगू देणार नाही."

"थे तं आताही कुठं देऊन राहिलं?"

पण मला अहवालात खोटे लिहिता येत नव्हते आणि निरपराध माणसाला तसा सोडताही येत नव्हता. बाईंना बोलावले. जमेल तितक्या हळू सांगितले की कोणी काही केले नाही, झाकणाचे छिद्र बुजले होते. कशाने, ते मी बोललो नाही. झाकण मात्र टेबलावर होते. ते आधीच आत ठेवायला हवे, हे मला सुचले नाही.

त्यांनी ते पाहिले.

"इंजिनचं तोंड थेच ना जी," त्या म्हणाल्या. "म्हणून तेथंच लावला म्या."

मग झाकण उचलून त्या पदराने घासू लागल्या. शेंदूर निघत नव्हता. दारातून दीर म्हणाला, "राहू द्या वहिनी." त्या घासतच राहिल्या.

खरे कळले की माणूस मोकळा होतो, असे मी नोकरीभर मानत आलो. त्या दिवशी एक जण मोकळा झाला आणि एक जन्मभरासाठी अडकली. त्यानंतर तपास लागल्याचा आनंद मी ठाण्यात कधी बोलून दाखवला नाही.

आता निवृत्त आहे. दसऱ्याला आमच्या स्कूटरला बायको हळद-कुंकू लावते. ती आत गेली की पेट्रोलच्या टाकीचे झाकण एकदा पाहून घेतो.