नंबर एकची चप्पल

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. एकतीस वर्षं सोलापुरातल्या एका हायस्कूलात पीटीचा मास्तर होतो. मैदानाच्या कोपऱ्यातल्या चिंचेवर कोण राहतं, कुणाला काय दिसलं, असल्या बाता मारणाऱ्या पोरांना मी त्याच चिंचेला पाच चकरा मारायला लावायचो. कुणी म्हणालं पोट दुखतंय, तर दहा. आजार म्हणजे निव्वळ आळस, हे माझं तेव्हाचं ठाम मत...

आता वय सदुसष्ट. शुगर, बीपी, थायरॉइड, दोन्ही गुडघे आणि हार्टचं ‘थोडंसं’. राहायला साखर पेठ. शुगरचा पेशंट आणि पत्ता साखर पेठ — हसून घ्या, सगळेच हसतात.

बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा नाशिकला असतो. दर रविवारी फोन करतो. “बाबा, बरे आहात ना?” “ठणठणीत!” संपला फोन. शेजाऱ्यांना तर मी दवाखान्याचं कधी कळूच दिलं नव्हतं. बुधवारी सकाळी पिशवी घेऊन निघालो आणि कुणी विचारलं, तर “वॉकला!” म्हणायचो. पीटीच्या मास्तरानं गोळ्यांचा पुडा घेऊन फिरायचं म्हणजे काय? लाज वाटायची हो, खरंच.

दर बुधवारी आमच्या इथल्या सरकारी दवाखान्यात बीपी-शुगरची ओपीडी असते. केसपेपरची खिडकी साडेआठला उघडते, पण नंबर सातपासूनच लागतात. आता दीड तास उभं कोण राहणार? तिथं एकाचेही गुडघे धड नाहीत. म्हणून रांग चपलांची. चप्पल ओळीत ठेवायची आणि आपण अनवाणी जाऊन कडुलिंबाखाली बसायचं. गंमत म्हणजे या मऊ काळ्या चपला आम्हाला दवाखान्यानंच घ्यायला लावल्यात — शुगरवाल्यांनी अनवाणी फिरू नये म्हणून! सिस्टर दर बुधवारी ओरडते, आम्ही दर बुधवारी “हो हो” म्हणतो.

सगळ्यांच्या चपला एकसारख्या, त्यामुळे प्रत्येकाची काहीतरी खूण. अंबक्कांच्या पट्ट्याला लाल दोरा. अंबक्का विड्या वळतात, घरात तेलुगू बोलतात, आणि आवाज माझ्या शिट्टीच्या वरचा. हमीदभाई विजापूर वेशीतले टेलर, त्यांनी पट्ट्यावर पितळी बटण शिवलंय. मी, शाळेत लेझमांवर घालायचो तसा, पांढऱ्या ऑइलपेंटनं दोन्ही चपलांवर आकडा घातला — १. कारण माझा नंबर पहिलाच असायचा. दोन वर्षांत एकदाही चुकला नव्हता. आणि रांग वाकडी दिसली की मी काठीनं सगळ्यांच्या चपला सरळ करायचो, एक-एक हाताचं अंतर ठेवून. सवय जात नाही.

एकदा अंबक्का माझ्या आधी आल्या आणि लाल दोरा पुढं! मी म्हटलं, रांग खिडकीच्या उजव्या अंगानं सुरू होते, ही चप्पल डाव्या अंगाला आहे, फाउल. आणि काठीनं त्यांची चप्पल थेट शेवटी नेऊन ठेवली. बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“मास्तर, तुमी मेल्यावर तरी मला पयला नंबर मिळंल का?”

“मेल्यावरसुद्धा नाही,” मी म्हणालो.

याच अंबक्कांनी एक वही केली होती. एकटं राहणाऱ्यांनी त्यात नाव, पत्ता, फोन लिहायचा. कुणी बुधवारी आलं नाही की बाकीच्यांनी चौकशी करायची. हमीदभाईंनी लिहिलं, आणखी सात-आठ जणांनी लिहिलं. मी नाही लिहिलं. म्हटलं, “मला काय धाड भरलीय? मी ठणठणीत आहे.”

“ठणठणीत मानूस हितं काय करतोय मग?” अंबक्का म्हणाल्या.

सगळे फिदीफिदी हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवडाभर मी कुणाशी बोललो नाही.

आता मूळ गोष्ट. गेल्या वर्षीचा भाद्रपद. मंगळवारी दिवसभर दणकून पाऊस झालेला, म्हणून संध्याकाळी मी चपला घासूनपुसून, दाराच्या आत जो लोखंडी स्टँड आहे त्यावर ठेवल्या. दाराला आतून कडी. हे लक्षात ठेवा.

बुधवारी उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. सहाला मी सवयीप्रमाणे इन्सुलिन टोचून घेतलं... आणि खाल्लं काहीच नाही. एवढी साधी चूक. सुई मारून उपाशी राहायचं नसतं, हे मी त्या कडुलिंबाखाली चार लोकांना शिकवलेलं आहे! अर्ध्या-पाऊण तासात घाम फुटला, हात लटलट कापायला लागले. कळलं, शुगर खाली चाललीय. साखर पाहिजे. साखरेचा डबा कुठं? कपाटाच्या वर, सगळ्यात मागं. माझा हात पोचू नये म्हणून मीच ठेवलेला. त्याला म्हणतात शिस्त. स्टुलावर पाय टाकला आणि स्टुलासकट खाली आलो.

पडलो तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, गाल फरशीला. तिथनं फक्त पुढचं दार आणि चपलांचा स्टँड दिसत होता. आकडा १ स्पष्ट दिसत होता. ओरडायला गेलो तर तोंडातून नुसती हवा. आणि मग माझ्या लक्षात आलं... आज बुधवार. मुलाचा फोन रविवारी. शेजाऱ्यांना वाटणार मास्तर वॉकला गेले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार... मी तिथं पडून दिवस मोजले. फार भीती वाटली. आयुष्यात इतकी कधीच वाटली नव्हती, लपवून काय करायचं.

त्याच वेळी दुसरं मन म्हणत होतं — गेला! आजचा नंबर गेला! खोटं नाही सांगत, मरता मरता मला त्या लाल दोऱ्याचा राग येत होता. मी स्टँडकडे बघितलं आणि उरलीसुरली ताकद लावून पुटपुटलो, “सावधान... दाहिने मुड... तेज चल.”

त्यानंतरचं मला काही माहीत नाही.

पुढचं अंबक्का आणि हमीदभाईंकडून कळलेलं. सव्वासातला अंबक्का दवाखान्यात आल्या. मास्तर दिसत नाहीत म्हणून खुशीत पुढं गेल्या, तर खिडकीसमोर पहिल्या जागेवर माझी चप्पल! दोन्ही पाय जुळवून, सरळ. बाई चिडल्या. इकडंतिकडं बघितलं आणि माझी चप्पल पायानं सारत सारत पार शेवटी नेऊन ठेवली. (हे त्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं, मान खाली घालून.) हातपाय धुऊन परत आल्या तर चप्पल पुन्हा पहिल्या जागेवर. त्यांनी हमीदभाईंना झापलं. हमीदभाई म्हणाले, “खुदा की कसम अक्का, मैं तो बैठा सो उठ्याच नै!”

साडेआठला खिडकी उघडली. “नंबर एक!” कुणी नाही. “नंबर एक कोण आहे?” चप्पल आहे, माणूस नाही. मागच्यांनी गलका केला — सरका पुढं, घ्या पुढचा! पुढचा म्हणजे अंबक्का. दोन वर्षं ज्या नंबरासाठी बाई भांडली, तो समोर. आणि बाई हलेनात.

“थांबा,” म्हणाल्या. “मास्तर नंबर सोडत न्हाय. कायतरी झालंय.”

वहीत माझं नाव नव्हतं, माझ्याच कृपेनं. त्यांनी सिस्टरकडून केसपेपरवरचा पत्ता मागितला. सिस्टर म्हणाली, असा देता येत नाही. पुढं काय झालं ते कुणीच नीट सांगत नाही, पण पाच मिनिटांत पत्ता मिळाला. आपापले नंबर सोडून अंबक्का आणि हमीदभाई रिक्षात बसले — दोघांत मिळून सात आजार — आणि अंबक्कांच्या मांडीवर माझी चप्पल.

शेजारी म्हणाले, “मास्तर वॉकला गेले असतील.”

“वाकला?” अंबक्का कडाडल्या. “दोन्ही गुडघे गेलेत की त्यांचे!”

शेजाऱ्यांना हे नवीन होतं. त्यांनी पहार आणून दार उचकटलं, आतली कडी तुटली. अंबक्कांनी बटव्यातला गूळ थुंकीनं ओला केला आणि बोटानं माझ्या हिरड्यांना चोळला. (हो, थुंकीनं. मीही नंतर विचारलं होतं, विचारायला नको होतं.) मला पहिलं ऐकू आलं ते “लेवंडी मास्तरू, लेवंडी!” म्हणजे उठा, उठा. आणि डोळे उघडले तर समोर आकडा १. माझीच चप्पल माझ्या नाकासमोर धरून बाई ढसाढसा रडत होती.

स्टँड रिकामा होता.

डॉक्टर म्हणाले, शुगर लो झाली की माणूस काहीही करतो, तुम्हीच जाऊन ठेवून आला असाल, आठवत नसेल. पडायच्या आधी का नंतर? आधी म्हणावं तर पडल्यावर मी ती स्टँडवर बघितलेली. नंतर म्हणावं तर दवाखाना दीड किलोमीटर, हे गुडघे, आणि परत येताना मी अनवाणी असणार, भर चिखलातून. शुगरवाला म्हणून माझे तळपाय त्या दिवशी तीन जणांनी तपासले. स्वच्छ! चिखल होता तो चपलांच्या तळाला, ओला. मंगळवारी संध्याकाळी मी त्या घासल्या होत्या. हमीदभाई म्हणतात फरिश्ता. अंबक्का म्हणतात, तुमची बायको. तुटलेली कडी मी फेकलेली नाही, कुणाला बघायची असेल तर या.

आता साखरेचा डबा ओट्यावर असतो. शेजाऱ्यांकडे किल्ली आहे. मुलाला सगळे आजार नावानिशी सांगितले. तो आता रोज सकाळी फोन करतो. वहीत माझं नाव पहिलं आहे. तेवढं मी भांडून मिळवलं. खिडकीचा पहिला नंबर मात्र अंबक्कांचा. मी दुसरा. सुरुवातीला फार जड गेलं.

अजून एक सांगायचं राहिलं. मागच्या महिन्यातला बुधवार. खिडकीतून “नंबर नऊ!” पुकारा झाला. पितळी बटणाची चप्पल जागेवर, हमीदभाई नाहीत. दोनदा पुकारलं. आणि सगळी रांगच उठली. वीस-बावीस माणसं, कुणी काठी, कुणी वॉकर, निम्मी अनवाणी. मी शिट्टी फुंकली. सिस्टर “अहो, नंबर जातील!” म्हणून ओरडत होती, आम्ही फाटकाबाहेर.

हमीदभाई समोरच्या हॉटेलात सापडले. हातात जिलबी.

आम्हाला बघून त्यांनी बशी पाठीमागं लपवली. मग एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. बेगम गेल्यापासून हा माणूस एका खोलीत एकटा राहतो. डोळे भरून आले त्यांचे.

“मेरे वास्ते इत्ते लोगां उठके आए?”

“तुज्यासाठी न्हाय, जिलबीसाठी आलोय!” म्हणत अंबक्कांनी बशी हिसकावली, आणि पदरानं स्वतःचे डोळे पुसले.

नंबर सगळ्यांचेच गेले, केसपेपर काढून झालेल्यांचे डॉक्टरांकडचेसुद्धा. पुन्हा शेवटापासून चपला लावल्या, दुपार झाली, कुणीही कुरकुर केली नाही. मी चपला सरळ करायला गेलो, तर त्या आधीच सरळ होत्या, एक-एक हाताच्या अंतरावर. कुणी केल्या, ते मी विचारलं नाही.

घरी आलो, चप्पल स्टँडवर ठेवली, आणि दर बुधवारी म्हणतो तसं हळूच म्हणालो, “विश्राम.”

हे अंबक्कांना सांगू नका.