कमी लिहा, साहेब

चाचा शर्टाची बाही घरूनच दुमडून यायचे. स्टुलावर बसले की उजवा हात टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, ‘घ्या. पण कमी लिहा, साहेब.’

वाळूजच्या एका कारखान्यातल्या छोट्या दवाखान्यात मी ब्रदर आहे. ते क्रेन चालवायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. क्रेनवाल्याचं ब्लडप्रेशर वाढलेलं दिसलं की त्याला खाली उतरवून झाडलोटीला लावत. म्हणून आमच्याकडं रीतच पडली होती. आकडा जास्त आला की माणसाला पंख्याखाली बसवायचं, पाणी पाजायचं, पुन्हा मोजायचं. चाचांचा तीनदा मोजूनही उतरत नसे. मग मी एकशे तीस-ऐंशी लिहायचो आणि उपकार केल्यासारखा खूश व्हायचो. असा दयाळू गाढव तुमच्याही ओळखीत असेल.

कंपनीच्या बसमध्ये चाचा बसल्या बसल्या घोरायचे. मध्येच श्वास थांबायचा, सगळी बस कान देऊन गप्प, मग एकदम घर्रर्र. ‘आली गाडी रुळावर,’ कुणीतरी म्हणायचं. मीही हसायचो. झोपेत श्वास असा अडकला की प्रेशर चढतं, हे मला तरी कळायला हवं होतं.

शेवटी मीच त्यांना शहरातल्या डॉक्टरांकडं पाठवलं. झोपताना लावायचा मास्क मिळाला. ‘हा तोबरा घोड्याला बांधा, मला नाय,’ म्हणाले आणि कपाटावर टाकला. चार गोळ्यांनीही प्रेशर हटेना. तेव्हा डॉक्टरांनी नवा उपाय सुचवला. मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मूत्रपिंडापर्यंत न्यायची आणि प्रेशर चढवणारे तिथले मज्जातंतू उष्णतेनं निकामी करायचे. गुण येईलच असं नाही, पण करून बघू, म्हणाले.

‘किडनी लई बडबडते म्हनं, तिला गप करनार,’ चाचांनी बसमध्ये जाहीर केलं. आवाज मात्र घाबरलेला होता.

डॉक्टरांनी कंपनीतल्या जुन्या नोंदी मागवल्या. मी वहीच्या झेरॉक्स दिल्या. पानोपानी एकशे तीस-ऐंशी.

‘डॉक्टर म्हनले, कामावर चांगलं राहतं, इथं येऊन घाबरता. नळीचं महिनाभर थांबू, मग दिवसभर प्रेशरचं मशीन लावून बघू,’ चाचा खुशीत सांगत होते. ‘बच गया, साहेब. तुमच्यामुळं.’

आकडे खोटे आहेत, एवढंच सांगायला डॉक्टरांना एक फोन करायचा होता. केला असता तर त्यांची क्रेन गेली असती आणि माझी नोकरी. मला माझीच जास्त दिसली, आता लपवून काय करू? तिसऱ्या आठवड्यात त्यांची उजवी बाजू गेली.

दर रविवारी गुलमंडीमागं त्यांच्या घरी जातो. पहिल्याच खेपेला सगळं कबूल केलं.

आता चाची त्यांची डावी बाही दुमडून ठेवतात. मी मोजतो, आकडा मोठ्यानं सांगतो.

‘लिहा,’ चाचा म्हणतात. तेवढंच.