मायची चौकी

काल माळ्यावरची माझी काळी फौजी पेटी उघडली आणि बूटपॉलिशचा वास आला. त्या वासासरशी मी थेट मेडशीच्या आमच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. पहिल्याच सुट्टीवर, कडक इस्त्रीच्या वर्दीत.

माय तुरी पाखडत होती. वर्षभर सीमेवर हिंदीच बोललेलो, त्यामुळे तोंडून निघालं, "माँ, जरा पानी देना."

तिनं सूपही थांबवलं नाही. "कोनाकडे आले, पाव्हने?"

मी गडबडून पलटणीतल्या पुणेकराची मराठी काढली. "आई, मला पाणी देतेस का?"

"हे तं आनखीनच लांबचे दिसून राह्यले!"

सीमेवरसुद्धा इतकी कडक तपासणी मी कधी पाहिली नव्हती. शेवटी ओरडलो, "मले पानी दे वं, माय!"

तेव्हा कुठे ती तांब्या घेऊन आली. अर्धं पाणी माझ्या चकचकीत बुटांवर सांडलं. मुद्दामच सांडलं, असं तेव्हा वाटलं. तिची नजर तांब्यावर नव्हतीच, माझ्या चेहऱ्यावर होती, हे आता कळतं.

"सरकारले म्या मेडशीचा पोरगा देल्ला होता," ती म्हणाली. "वापसबी तोच पायजे."